पावसाआधी कौलारू घराचं छप्पर कसं बघायचं? कौलांवर चढू नका, आधी माळ्यावर जा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरजवळ समुद्रापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, मधल्या घरावर मंगलोरी कौलं, पुढच्या-मागच्या पडवीवर पत्रे. घरात आईवडील दोघंच, वडिलांना आता शिडी चढवत नाही, तुम्ही पुण्याला, मे महिन्यात चार दिवस काढून जाणार. गळती कुठे कुठे आहे ते कसं शोधायचं असं तुम्ही विचारलंय, आणि वाडीतला एक कंत्राटदार म्हणतोय की कौलं उतरवा, सगळीकडे पत्रे मारा, दरवर्षीची कटकट मिटेल, तर तसं करावं का, असंही.

मी याच पट्ट्यात पंचवीसेक वर्षं छपरांची कामं करतोय, आधी सुतारकाम आणि मग पूर्ण छप्पर. तुम्ही गळतीचं विचारलंय पण तुमच्या घराचा खरा प्रश्न गळतीचा नाहीये. गळती दिसते, तिच्याखाली घमेलं ठेवता येतं, आठ दिवसांनी उघडीप मिळाली की कौल बदलता येतं. वादळात घर उघडं पडतं ते छपराला खाली धरून ठेवणारं काही नसतं म्हणून. कौल रिपेवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीवर बसलेलं, रीप वाशावर, म्हणजे उताराच्या लाकडावर ठोकलेली, वासा भिंतीवर झोपवलेल्या लाकडावर टेकलेला, आणि ते लाकूड भिंतीवर नुसतं ठेवलेलं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत यातलं शेवटचं काहीही बांधलेलं नसतं, सगळं वजनावर उभं असतं, आणि इतकी वर्षं ते चाललं कारण नेहमीच्या नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला ते वजन पुरत होतं. म्हणून छप्पर तपासायचं म्हणजे फुटकी कौलं मोजायची असं नाही, ही साखळी कुठे सुटलीय ते बघायचं.

आता मी इथे बसून सगळं सांगू शकत नाही, बरंचसं तुमच्या घरावर अवलंबून आहे. वासे सागाचे किंवा किंजळीचे असतील तर सत्तर वर्षांनंतरही ठणठणीत सापडतात, मध्ये कधी डागडुजीला माडाचे किंवा पोफळीचे घातले असतील तर पंधरा वर्षांतच त्यांची माती झालेली असू शकते. घर माडाच्या बागेत आहे की उघड्या सड्यावर, पाख्याचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचा उतार किती, पडवी कुठल्या साली आणि कोणी जोडली, यानेही फरक पडतो. पण बघायचा क्रम सगळ्या घरांना सारखाच.

पहिली गोष्ट तारखेची. आपले आजोबा-पणजोबा घर शाकारायचे, म्हणजे पावसासाठी छप्पर नीट करायचे ते अक्षय्य तृतीया झाली की, मृग लागायच्या आत. ते गणित आता थोडं अलीकडे घ्या. निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला, म्हणजे अजून अर्ध्या लोकांची कौलं परतून (काढून, फुटकी बदलून परत लावून) झालेली नव्हती. तौक्ते तर १६-१७ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. आणि २०२५ ला मान्सूनच २६ मेला मुंबईत पोचला, तो नेहमी पोचतो ११ जूनच्या सुमारास. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन बघू असा विचार असेल तर बदला. जमलं तर एप्रिलच्या अखेरीस जा, मेमध्येच जमणार असेल तर पहिल्या आठवड्यात, कारण काही सापडलं तर माणूस मिळायला हवा ना. कौलं परतणारी जुनी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत आणि मे महिन्यात त्यांना उसंत नसते.

दुसरी गोष्ट, गेल्या गेल्या कौलांवर चढू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. कौलं माणसाच्या वजनासाठी नसतात, पाय रिपेवर पडला तर ठीक, दोन रिपांच्या मधे पडला की कौल फुटतं, आणि रीप वाळवीने खाल्लेली असली तर माणूस सरळ आत येतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं तर त्याहून वाईट, तो वरून धड दिसतो आणि काही न सांगता फुटतो. वर जायचं काम सवयीच्या माणसाला करू द्या, तो फळी टाकून आणि दोर बांधून जाईल. तुमचं काम आतून आहे आणि खरं सांगायचं तर नव्वद टक्के दोष आतूनच दिसतात.

माळ्यावर जाताना चांगली बॅटरी घ्या, एक लांब पात्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि खडू घ्या. सुरुवात आढ्यापासून, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या आडव्या लाकडापासून करू नका, सगळे तिथेच बघतात. सुरुवात करा वाशांच्या खालच्या टोकांपासून, जिथे वासा भिंतीवर टेकतो. ती जागा अंधारी, वर्षानुवर्षांचा पाला आणि धूळ साठलेली, वळचणीचं पाणी उडून भिंतीवाटे ओल चढणारी, आणि हवा न लागणारी. लाकूड कुजायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. हाताने कचरा काढा (हातमोजे घाला, विंचू असतात) आणि प्रत्येक वाशाच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर दाबा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाईल आणि अडेल. मागे एका घरी मालक सांगत होते की वासे सागाचे आहेत, काही होत नाही. बघायला गेलो तर वासा वरून काळाभोर, गुळगुळीत, तेलपाणी केलेला, आणि टोकाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. ओढून काढला तर पात्याला ओला तपकिरी भुसा. बाहेरची साल तेवढी उरलेली होती, आत वासा नव्हताच. आणि तसे एका ओळीत पाच होते, नेमके पन्हळ (पाणी वाहून नेणारी पत्र्याची नळी) फुटली होती त्याच्या खालचे. बोट दाबून हे कळत नाही, टोचूनच बघावं लागतं.

जिथे टोक आत जाईल तिथे खडूने फुली मारा. वासा ठोकूनही बघा, चांगल्या लाकडाचा आवाज भरीव येतो, पोखरलेल्याचा बद्द येतो. मातीच्या नळ्या भिंतीवरून वाशावर चढलेल्या दिसल्या तर वाळवी, आणि जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर भुंगा. भुसा झाडून टाका आणि चौथ्या दिवशी परत बघा, नवा पडला असेल तर किडा जिवंत आहे. घाबरायचं कारण नाही, टोक कुजलं म्हणजे सगळं छप्पर उतरवायचं असं अजिबात नाही. कुजलेल्या वाशाला चिकटून नवा वासा घालून बोल्टने जोडता येतो, तेवढ्यापुरती कौलं काढायची. एका ओळीत तीन-चार लागोपाठ फुल्या आल्या तरच मोठं काम समजा.

तिथेच असताना अजून एक बघा, वासा खालच्या लाकडाला कशाने धरलाय. एखादा गंजका खिळा असेल किंवा काहीच नसेल. आणि ते लाकूड भिंतीला कशाने धरलंय, तर बहुतेक कशानेच नाही. इथे गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी मारायची, वाशावरून घेऊन खालच्या लाकडाला, आणि त्या लाकडावरून भिंतीला. भिंतीतला बोल्ट वरच्या चिऱ्यात मारून उपयोग नाही, एक चिरा पंचवीस-तीस किलोचा, जोराचा वारा तो बोल्टसकट उचलतो. पट्टी दोन-तीन थर खाली आणून तिथे पक्की करायची म्हणजे वरच्या थरांचं वजन तुमच्या बाजूने येतं. प्रत्येक वाशाला नाही जमलं तर निदान चारही कोपऱ्यांना आणि मधे एकाआड एक. सगळ्या यादीतलं एकच काम करायचं म्हणालात तर मी हे करायला सांगेन, कौलं नंतर.

मग उजेड बघा. दुपारी बाराच्या सुमारास दारं-खिडक्या लावून घ्या आणि वर बघत उभे रहा. कौलांच्या सांध्यातून मंद उजेड येतोच, त्याने बिचकू नका. जिथून उन्हाचा सरळ कवडसा खाली पडतो ते कौल फुटलंय किंवा सरकलंय. आता डाग. डाग जिथे दिसतो तिथलंच कौल दोषी असेल असं समजू नका, पाणी आत आलं की रिपेच्या कडेने किंवा वाशावरून उतरत जातं आणि गाठ किंवा सांधा मिळाला की तिथे टपकतं. डागापासून वाशाच्या चढाकडे वर बघत जा, फट दोन-चार फूट वर सापडेल. पाइपने पाणी मारून बघतात काही जण, पण मेमध्ये आपल्याकडे विहिरीला तळ दिसत असतो, पाण्याची बोंब असते, त्यामुळे गेल्या पावसाळ्यात आईने घमेली कुठे ठेवली होती ते तिला विचारा, तिला तोंडपाठ असेल.

कौलांचं. एक कौल साधारण अडीच किलोचं. खालून बोटाच्या पेराने टकटक करा, धड कौल खणखणतं, चीर गेलेलं ठसठस वाजतं. खालच्या बाजूने पांढरी भुकटी धरलेली किंवा पापुद्रे सुटणारी कौलं पाणी पिणारी झालीत, ती बदलायची. शेवाळ धरलं म्हणून कौल वाईट नसतं, सुक्यात झाडूने किंवा काथ्याच्या ब्रशने काढा, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, त्याने वरची कातडी जाते आणि मग कौल जास्तच पाणी धरतं. बदली कौल आणताना जुनं एक कौल सोबत घेऊन जा, प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, दुसऱ्याचं कौल बसल्यासारखं वाटतं पण अडकत नाही. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं ते वाचा. बासल मिशनच्या कौलांवर १८६५ दिसतं, लोक म्हणतात आमची कौलं दीडशे वर्षांची, पण ते मंगळूरला कारखाना निघाला त्याचं साल आहे. जवळपास कोणी जुनं घर पाडत असेल तर शंभरेक कौलं घेऊन ठेवा, आडवी नाही, उभी रचून.

त्याच पाठीवर, दोन अडकवायच्या उंचवट्यांबरोबर, बहुतेक मंगलोरी कौलांना एक छोटं भोक असलेला कान असतो. तो तारेने रिपेला बांधायला दिलेला आहे. आपल्याकडे तो कोणी वापरत नाही. वाऱ्यात कौलं जातात ती पागोळीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या शेवटच्या दोन ओळींतली, आढ्याजवळची आणि दोन्ही टोकांच्या कडेची, मधली सहसा जात नाहीत. म्हणून सगळी बांधायची गरज नाही, कडेच्या दोन-दोन ओळी बांधा. तार स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची, साधी बांधायची तार समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत गंजून गळून पडते.

आढ्यावरचे कोने, म्हणजे तिथली अर्धगोल झाकणी कौलं, वरच्या माणसाकडून बघून घ्या. हल्ली कोन्यांखाली सिमेंटचा जाडजूड थर लिंपतात, लाकूड उन्हापावसात हलतं, सिमेंट हलत नाही, चीर पडते आणि ते सिमेंट खाली पाणी धरून ठेवतं. जुन्या लोकांनी चुना वापरला तो उगाच नाही. चुना मिसळलेला माल, तोही फक्त दोन्ही कडांना, एवढं पुरतं. दोन पाखी मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत पाला नको आणि गंजाची भोकं नकोत, बस्स.

आता पडवी, आणि इथे जरा थांबा, कारण तुमच्या घराला धोका आहे तो इथून. निसर्गनंतर मी महिनाभर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात फिरत होतो. एक घर अगदी तुमच्यासारखं, मधे कौलं, पुढे पडवी. मधल्या घराची चाळीस-पन्नास कौलं गेली होती, बाकी छप्पर जागेवर. पडवी मात्र पत्रे, पाइप, सगळं एकसंध उठून मागच्या गोठ्यावर जाऊन पडली होती, आणि उठताना मधल्या घराच्या पागोळीच्या ओळी घेऊन गेली होती, कौलं गेली ती त्यामुळेच. स्क्रू सगळे जागेवर होते, पत्र्याचा एकही सांधा सुटलेला नव्हता. सुटलं होतं ते एकच, चिऱ्याला खोबण पाडून त्यात पाइप घालून सिमेंट भरलं होतं ते.

वारा छपराला ढकलतो असं आपल्याला वाटतं, पण तो ढकलतो कमी आणि वर खेचतो जास्त. पाख्याच्या पलीकडच्या बाजूला, कडांना आणि उतार कमी असेल तिथे ही खेच जास्त. पडवी तर खालून उघडी, वारा खालूनही ढोसतो. ढोबळ हिशोब करून दाखवतो. ताशी ११० किलोमीटरचा वारा असेल तर चौरस मीटरला साधारण पंचावन्न-साठ किलोची खेच धरा. दहा बाय वीस फुटांची पडवी म्हणजे साडेअठरा चौरस मीटर, म्हणजे एक टनाच्या आसपास. पत्र्यांचं पाइपांसकट वजन दोनशे किलो भरलं तर भरलं. उरलेलं आठशे किलो कोण धरणार? तर तो खोबणीतला सिमेंटचा गोळा. कौलारू छपराचं वजन रिपा-वाशांसकट चौरस मीटरला पन्नासेक किलो जातं, शिवाय सांध्यांतून वारा थोडा निघून जातो, म्हणून ते काहीही न बांधता इतकी वर्षं तगलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कौलं काढून पत्रे मारले की गळती थांबेल, हे खरं आहे, माकडांचा त्रास जाईल हेही खरं. पण घराचं वजन तुम्ही काढून घेतलंत, आणि जी गोष्ट वजनावर उभी होती ती आता बांधलेल्या जोडांवर उभी राहणार. ते जोड कंत्राटदार करणार आहे का, हे त्याला विचारा. पाइप भिंतीत कसा धरणार, खाली किती थरांपर्यंत नेणार, कडेला स्क्रू किती अंतरावर मारणार. याची सरळ उत्तरं देत असेल आणि वासे खरोखरच संपले असतील तर पत्रा चालेल, मी पत्र्याच्या विरोधात नाही, मीही बसवतो. नुसतं "काही होत नाही हो" म्हणत असेल तर कौलं राहू द्या. आणि वासे धड असतील तर माझ्या मते कौलं काढूच नयेत, मे महिन्यात पत्र्याखाली म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात ते दुपारी पडवीत बसून बघा.

सध्याच्या पडवीसाठी एवढं करा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर आहेत का बघा, वॉशर कडक होऊन तडकले असतील तर बदला, आणि कडेच्या व पागोळीच्या ओळीत स्क्रू दाट करा. पत्रा आधाराच्या पुढे फूटभराहून जास्त बाहेर काढलेला असेल तर कापून घ्या, वारा तिथेच बोट घालतो. पुढचे खांब जमिनीत काँक्रीटमध्ये आहेत की नुसते फरशीवर टेकलेत ते बघा आणि आडवा पाइप खांबाला वेल्डिंगने पक्का करून घ्या. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना नवीन भोकं पाडू नका, ती धूळ छातीला वाईट. लाईटची सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर वायरमनला बोलावल्याशिवाय शिडीसुद्धा लावू नका.

घरावर झुकलेल्या आंब्याच्या फांद्या उतरवा, माडांवरचे सुके नारळ आणि लोंबत्या झावळ्या पाडून घ्या. माकडं येत असतील तर कौलं परतून झाल्यावर आठवड्याने आईला परत एकदा दुपारचे कवडसे बघायला सांगा, ती काय पटापट सांगेल.

चार दिवस कसे लावायचे म्हणाल तर पहिला पूर्ण दिवस माळ्यावर, टोचणं आणि फुल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवी, दुपारी कवडसे. फुल्या मोजून त्याच संध्याकाळी माणूस ठरवा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्ट्या आणि कडेची कौलं तुमच्यासमोर बांधून घ्या, बाकीचं तो नंतर करेल. आणि निघायच्या आधी चारही बाजूंनी, आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढे काही झालंच तर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा आधी काय होतं ते दाखवता येतं.

वादळाचा इशारा आला तर आईवडिलांना स्लॅबच्या घरी पाठवा, वाडीत कोणाचं तरी असेलच, आत्ताच बोलून ठेवा. निघताना दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, कडीला आडवा लाकडी अडसर घालायचा, समोरचं दार उघडलं की वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. आणि मधेच शांत झालं म्हणून लगेच घर बघायला येऊ नका म्हणावं, चक्रीवादळात वारा दिशा बदलून परत येतो, आणि पहिल्या वाऱ्याने सैल केलेलं दुसऱ्या बाजूचा वारा पाडतो.

तुम्ही जाल तेव्हा वाशांच्या टोकांचे, पडवीचा पाइप भिंतीत जातो त्या जागेचे आणि खांबांच्या पायांचे फोटो जवळून काढून इथे टाका, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून. फुल्या किती आल्या तेही लिहा. ते बघून किती वाशांना जोड द्यायचा आणि पत्र्याचं काय करायचं ते नक्की सांगतो.